दुपट्ट्याखालचा सौदा

त्या रविवारी आमच्या गणपतरावांचा पाय मुरगळला नसता, तर माझं लग्न भलत्याच कुणाशी तरी झालं असतं आणि दुकानाला कुलूप लागलं असतं. या दोन्ही गोष्टी टळल्या म्हणून मी त्या पायाची आभारी आहे. गणपतराव मात्र अजून लंगडतात आणि त्याचं खापर माझ्यावर फोडतात.

गणपतराव म्हणजे आमच्या दुकानाचे दिवाणजी. नागपूरच्या इतवारीत बाबांचं, बाबनराव धकाते यांचं, लुगड्यांचं दुकान होतं. सत्त्याहत्तरच्या चैत्रात बाबांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. धंतोलीचे डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच पुष्कळ. मी तेव्हा तेवीस वर्षांची. भाऊ नाही. नातेवाइकांनी एकाच दमात दोन सल्ले दिले, दुकान विका आणि पोरीला उजवा. मी दोन्ही ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी गादीवर जाऊन बसले. तापट आहे मी, हे आधीच सांगून ठेवते.

पण गादीवर बसणं सोपं, माल घेणं अवघड. उमरेडचे आणि नागपूरचे विणकर दर रविवारी सकाळी गोळीबार चौकाजवळच्या मैदानात सतरंज्या टाकून बसत. माल किती हवा ते उघड बोलायचं, भाव मात्र तोंडानं बोलायचा नाही, अशी तिथली रीत. विणकर खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकतो, व्यापारी त्याखाली हात घालतो आणि बोटं धरून भाव सांगतो. आधी दहाई, मग एकाई. एक बोट धरलं तर एक, चार धरली तर चार, अंगठ्यासकट पंजा धरला तर पाच. वर दोघं पिकापाण्याच्या गप्पा मारत असतात, भोवती दहा माणसं उभी असतात, पण कुणाला काही कळत नाही. आणि दुपट्ट्याखाली एकदा धरलेला भाव मागे घेता येत नाही. चुकून धरला असला तरीसुद्धा.

आता अशा बाजारात बाईनं काय करायचं? आठ महिने हात गणपतरावांचा आणि अक्कल माझी असं चाललं होतं. त्यांच्या मागे दोन पावलांवर उभं राहून मी हळूच आकडा सांगायची.

त्या रविवारी गणपतराव पाय शेकत घरी बसले आणि मी एकटी गेले. मार्गशीर्षातली थंडी, शेकोटीचा धूर, नव्या खळीच्या लुगड्यांचा वास... तीन विणकरांसमोर बसले. तिघांनीही दुपट्टा खांद्यावरून खाली घेतला नाही. एकानं तर मान खाली घालून सांगितलं की बाई, गणपतरावले पाठवा. मागे उभे असलेले व्यापारी हसले. माझे कान तापले. उठून निघणार, तेवढ्यात पलीकडच्या सतरंजीवरून आवाज आला.

"इकडं बसा बाई. आमचा दुपट्टा काई चावत नाई."

तिशीच्या आतला, सडपातळ माणूस. नखांत निळीचा रंग. डोळे थेट माझ्याकडे बघणारे, पण खोचक नव्हेत. उमरेडच्या चाळीस मागांच्या सोसायटीचा तो सेक्रेटरी, मधुसूदन, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं, की त्यानं दुपट्टा हातावर टाकला होता आणि सगळा बाजार बघत होता.

मी हात घातला. आयुष्यात परक्या पुरुषाचा हात मी पहिल्यांदा धरत होते, तोही सौद्यासाठी, तोही शंभर माणसांसमोर. त्याचा तळवा खरखरीत होता आणि ऊबदार होता. मला चाळीस म्हणायचं होतं. चार बोटं धरली... आणि घाबरून इतकी घट्ट धरली, की अंगठाही मुठीत आला. पंजा. पन्नास.

माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. तीस लुगड्यांचा माल, प्रत्येक लुगड्यामागे दहा रुपये जास्त, आणि शब्द मागे घेता येत नाही.

"लय थंडी हाय औंदा," तो वर म्हणाला.

आणि दुपट्ट्याखाली त्यानं त्याचा अंगठा माझ्या मुठीतून हलकेच सोडवून घेतला. चार बोटं तेवढी राहू दिली. मग माझी दोन बोटं धरली. बेचाळीस. मी एक धरलं. एक्केचाळीस. सौदा झाला. बाजाराला काही कळलं नाही. दुपट्ट्याखालचं वर सांगायचं नसतं, त्यामुळे मला त्याचे आभारसुद्धा मानता आले नाहीत.

"हो," मी म्हणाले, "लयच थंडी हाय."

पुढच्या रविवारी गणपतराव यायला निघाले, तर मीच त्यांना घरी बसवलं. पाय नाजूक आहे म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गाठोडं उचलून चालू लागले.

असे सहा-सात रविवार गेले. त्यानं धरलं की इतर विणकरही धरू लागले. पण त्याच्या सतरंजीवर मला जरा जास्तच वेळ लागायचा, हे खोटं कशाला बोलू? एकदा त्यानं भाव ठरल्यावर विचारलं, "एक सांगा. साऱ्या बाजाराले तुमी भाऊ म्हनता. लहानूबुवाच्या पोराले भाऊ, चहावाल्याले भाऊ. मलेच काहून नाई म्हनत?"

"विसरली असन," मी म्हणाले.

"सात रविवार?"

"माह्या ध्यानात राहात नाई."

"भाव तर बरोबर ध्यानात राहाते..." तो हसला. मी लुगड्याची घडी उलटीसुलटी करत बसले.

त्याच दिवशी मी त्याला विचारलं होतं, की इतकी वर्षं विणून मागवाल्यांकडे काही शिल्लक का राहात नाही. तो म्हणाला, "आमचं वर्ष आठ महिन्याचं राहाते बाई. वैशाखात लग्नं सरली का व्यापारी येत नाई. आषाढ ते आश्विन माग उभे. चार महिने मानसं दुसऱ्याच्या वावरात राबाले जातात." हे मी विसरले नाही.

आता सुदर्शनबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोर त्याचाच होता.

दसऱ्याला सीताबर्डीवर सुदर्शन स्टोअर्स उघडलं होतं. चार मजले, काचेचे दरवाजे, वर जायला लिफ्ट. दारावर भला मोठा फलक होता, 'बारमाही सूट, रुपयामागे चार आणे'. खेड्यावरची माणसं आधी लिफ्टमध्ये बसायला जात आणि मग बस्ता बांधूनच बाहेर पडत. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी. नवरा-नवरीपासून आत्या-मावशांपर्यंत सगळ्यांची एकदम. आमच्या धंद्याचं वर्ष या बस्त्यांवरच उभं. मी ज्या भावानं लुगडं घ्यायची, त्या भावाला सुदर्शनचे मालक ताराचंदशेठ ते विकायचे. हजारांनी माल घ्यायचा, रोख द्यायचं आणि विणकराला पिळायचं, असा त्यांचा हिशेब.

इतवारीतल्या व्यापाऱ्यांनी बैठक घेतली आणि सगळ्यांनी भाव पाडले. मीही पाडले. पंधरा दिवसांत कळलं, की त्यांचा खिसा माझ्यापेक्षा खोल आहे आणि स्वस्ताईच्या शर्यतीत मी आधी पडणार आहे. संक्रांतीपर्यंत ओळीतली दोन दुकानं बंद झाली. बाबा रोज संध्याकाळी डाव्या हातानं खूण करून विचारायचे, किती बस्ते? मी खोटा आकडा सांगायची. ते खरं ओळखायचे.

माघात काटोलकडचे चंपतराव आले. संत्र्याचे बागायतदार, बाबांचं जुनं गिऱ्हाईक. पुतणीचं लग्न ठरलं होतं आणि भला माणूस स्वतः सांगायला आला होता, की या वेळी बस्ता सुदर्शनमध्ये बांधणार, राग मानू नका. बरोबर पाच पुरुष आणि एक म्हाताऱ्या आत्याबाई. मी चहा मागवला आणि सहज विचारलं, नवरी कुठं आहे? सगळे हसले. नवरी कधी बस्त्याला येते का? मग विचारलं, तिला कोणता रंग आवडतो? पाच पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "कोनं इचारलं तिले?"

मला माझ्या आईची आठवण झाली. लुगड्यांच्या व्यापाऱ्याची बायको, आणि जन्मभर दुसऱ्यानं निवडलेली लुगडी नेसली. डोक्यात लख्ख झालं. मी म्हणाले, चंपतराव, सुदर्शनमध्ये जायच्या आधी एक दिवस मला द्या. दुकान मी तुमच्या घरी घेऊन येते. घरातल्या बायांनी निवडावं, नाही पटलं ते मी परत आणेन, त्याचा वेगळा आकार काही नाही.

चंपतराव गोंधळले, पण हो म्हणाले. त्या काळी चार मजल्यांवर एकदा विकलेला माल परत घेत नसत.

दोन पेट्या भरायला माल हवा होता आणि तेवढा विकत घ्यायची माझी ताकद नव्हती. मधुसूदननं साठ लुगडी विश्वासावर दिली आणि एकच अट घातली, की तोही येणार. वीस वर्षं विणून राहिलो, म्हणाला, पन नेसनारीनं लुगडं हातात घेतलेलं कधी पाह्यलं नाई.

जीपमध्ये पुढे गणपतराव, मागे पेट्या आणि आम्ही. चंपतरावांच्या माजघरात चटया अंथरल्या. पुरुषांना मी ओसरीवर बसवलं आणि पेट्या उघडल्या. नवरी गोपिका, एकोणीस वर्षांची, आधी भिंतीला चिकटून उभी होती. अर्ध्या तासानं खाली बसली. एक तासानं तिनं स्वतः घडी उलगडली. चाळीस लुगडी पाहिली आणि एक वांगी रंगाचं, तांबड्या काठाचं, मांडीवर घेऊन बसली. आत्याबाई म्हणाल्या, हा रंग लग्नात चालत नाही. गोपिका म्हणाली, "मले चालते."

दाराआडून मधुसूदन पाहात होता. ते लुगडं त्याच्या स्वतःच्या मागावरचं होतं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते मी पाहिलं हे त्यानंही पाहिलं.

त्या दिवशी चंपतरावांचा पूर्ण बस्ता झाला, शेजारच्या दोन घरांचाही ठरला. निघताना त्यांच्या घरच्या बाई माझा हात धरून म्हणाल्या, की पोळ्याच्या, महालक्ष्म्यांच्या वेळीही ये, माहेरवाशिणी येतात, लुगडी लागतात, पण भरपावसात बाजाराला कोण नेतं आम्हाला. मी त्याची मनाशी गाठ मारून ठेवली.

परतीच्या वाटेवर त्यानं संत्रं सोललं. सालीचा वास जीपभर पसरला. अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि हात लगेच मागे घेतला नाही.

"चंद्रकलाबाई..."

"हं?"

"मी... मले म्हनाचं होतं का..."

"बिया पुढं फेकू नका," गणपतराव समोरून म्हणाले. "मी जागा हावो."

फाल्गुन लागेपर्यंत माझ्या पेट्या अकरा गावांत फिरल्या. इतवारी पहिल्यांदा माझ्यावर हसली, मग हसायची थांबली. आणि मग एका दुपारी ताराचंदशेठ स्वतः दुकानात आले. पांढरा सफारी, बोटात हिरा, आवाज मऊ. त्यांनी बाबांची चौकशी केली, चहा घेतला आणि म्हणाले, "बाई, डोकं चांगलं हाय तुमचं. माझ्याकडे या. साडी खातं तुमचं. महिना आठशे. बाबूजीचा इलाज बंबईत करू."

आठशे रुपये म्हणजे दुकान आठ महिन्यांत जेवढं देत नव्हतं तेवढं. बाबांचं औषध, घर, सगळं सुटलं असतं. मी म्हणाले, विचार करते. ते उठले आणि दारात वळून म्हणाले, "जरूर करा. लेकिन पेटीत भरायला माल तर पाहिजे ना? उमरेडला जाऊन आलो मी. सगळे माग घेऊन राहिलो."

उमरेडच्या मागांशिवाय माझ्या पेट्या रिकाम्या होत्या.

शनिवारी मधुसूदन दुकानात आला. बसला नाही. शेठ चाळीसही माग मागत होते, वैशाखापर्यंत, रोख पैसे घेऊन. ताणा विरळ करायला सांगत होते आणि काठ सगळे एकसारखे. पण रोख ते रोख. चाळीस घरांत धान्य येणार होतं. उद्या बाजारात सौदा होता.

"तुमी काय ठरवलं?" मी विचारलं.

"माह्या एकट्याचं नाई. लहानूबुवा आमचे पुढारी, ते ठरवतीन. पन... सारे म्हनून राहिले, मधुसूदन बाईच्या मांगं गेला. उद्या मी तुमचा हात धरला, तर चाळीस घरं म्हनतीन का यानं आपल्या मनापायी आमचं पोट मारलं."

आपल्या मनापायी. म्हणजे होतं तर मनात. तीन महिने ज्या शब्दाची वाट पाहिली, तो असा यावा, आणि मी त्याच्यावर खूश होण्याऐवजी भडकावं... पण भडकले. म्हणाले, "मंग धरू नका. दया मागाले मी तुमच्या दारात आली नाई. भाव पटला तर धरा, नाई तर शेठचा धरा."

"मी दया म्हनलं?"

"चहा थंडा होऊन राहिला."

त्यानं चहा घेतला नाही. पायऱ्या उतरताना एकदा मागे पाहिलं. मी मुद्दाम मान वर केली नाही. गेल्यावर मात्र कपाटाच्या आड जाऊन रडले. गणपतरावांनी पाठ फिरवून उगाच मोठ्यानं लुगडी मोजली.

रडून झाल्यावर मी विचार करायला बसले. शेठएवढा भाव मला परवडणार नव्हता. चाळीस मागही परवडणार नव्हते, फार तर पंचवीस. मग शेठ देऊ शकत नाही असं माझ्याकडे काय आहे? उत्तर मला माजघरातल्या चटयांवर सापडलं होतं, मीच ते ओळखलं नव्हतं.

रविवारी मैदानात नेहमीपेक्षा तिप्पट गर्दी. मधुसूदनच्या सतरंजीवर त्याच्या शेजारी लहानूबुवा बसले होते, मागे चाळीस घरांची माणसं. ताराचंदशेठ आधी बसले. मोठ्यानं म्हणाले, चाळीस माग, वैशाखापर्यंत. त्यांचा हात दुपट्ट्याखाली गेला आणि समाधानानं बाहेर आला. मग मी बसले.

"पंचवीस माग," मी म्हणाले. मागे कोणीतरी हसलं.

मधुसूदननं दुपट्टा पसरला. मी हात घातला. त्याचा हात थंड होता, माझाही. तो माझ्याकडे पाहात नव्हता. मी चार बोटं धरली, अंगठा नीट बाहेर ठेवून. मग काहीच धरलं नाही. चाळीस. शेठनं याच्यापेक्षा जास्त धरलं असणार, हे त्याच्या बोटांनीच मला सांगितलं, कारण ती सैल पडली. सौदा इथं संपतो. दहाई झाली, एकाई झाली, तिसऱ्यांदा कोणी काही धरत नाही.

मी हात काढला नाही. त्याचं एक बोट धरलं. मग दोन.

त्यानं चमकून वर पाहिलं. बारा? त्याच्या कपाळाला आठी पडली. हे उघड बोलायची सोय नव्हती. मी तोंडानं बोलले असते तर शेठ त्याच क्षणी म्हणाले असते, आम्हीही घेतो, आणि आषाढात विसरले असते. दुपट्ट्याखालचं मात्र विसरता येत नाही. मी पुन्हा धरलं. एक... दोन. आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. मनात म्हणत होते, आठव, आठव की, तूच सांगितलं होतंस.

"ऊन वाढून राहिलं," तो सावकाश म्हणाला.

"हो. पन पानीही येईन," मी म्हणाले. "आषाढ काई दूर नाई."

त्याची बोटं माझ्या हातात एकदम घट्ट झाली. त्याला कळलं. बारा महिने.

पण त्यानं सौदा केला नाही. दुपट्टा उचलून त्यानं लहानूबुवांच्या हातावर टाकला आणि माझा भाव जसाच्या तसा त्यांच्या बोटांवर ठेवला. म्हातारा कितीतरी वेळ डोळे मिटून बसला. शेठनं घड्याळ पाहिलं.

लहानूबुवांनी डोळे उघडले. "बाई, हे बाराचं... पक्कं?"

"दुपट्ट्याखालचं हाय बुवा."

"मांगं घेता येत नाई, माहीत हाय ना तुमाले?"

"पहिल्याच दिवशी शिकली मी ते," मी म्हणाले, आणि मधुसूदननं मान खाली घातली.

म्हातारा वळून मागच्यांना म्हणाला, "पंचवीस माग बाईचे. पंधरा शेठले पाह्यजे असन तर शेठचे. औंदा आपल्या पोरी दुसऱ्याच्या वावरात राबाले जानार नाईत."

आधी कुणाला उमगलं नाही. मग मागे एका बाईनं तोंडाला पदर लावला, आणि हळूहळू सगळ्यांना उमगलं. ताराचंदशेठ काही वेळ बोटातली अंगठी फिरवत बसले. व्यापारी होते, रागावर धंदा करणारे नव्हते. पंधरा माग घेतले. जाताना वाकून मला विचारलं, "काय धरलं होतं बाई?"

"दुपट्ट्याखालचं वर सांगत नाईत शेठ."

ते हसले. पुढच्या वर्षी त्यांनीही पेट्या काढल्या, चांगल्या दहा जीपांतून. पण कोणत्या घरात कोणत्या पोरीला वांगी रंग आवडतो, ते दहा जीपांना कुठून माहीत असणार?

राहिली शेवटची रीत. ठरलेला सौदा पक्का करायला विणकर आणि व्यापारी पुन्हा एकदा दुपट्ट्याखाली हात मिळवतात. माणसं पांगत होती. मी हात घातला. त्यानं चार बोटं धरली नाहीत, पंजाही धरला नाही. त्यानं नुसता माझा अंगठा धरला.

"हे काय?" मी हळूच म्हणाले. "नुसत्या अंगठ्याले बाजारात काई भाव नाई."

"माहीत हाय."

"मंग काहून धरला?"

"म्हनूनच."

"सोडा," मी म्हणाले, "लोक पाहून राहिले."

"लोकाइले दुपट्टा दिसते."

"काल चहा न घेता गेले तुमी..."

"आज देता?"

मी हात काढून घेतला नाही. एवढंच माझं उत्तर, आणि त्याला ते पुरलं.

अक्षय्य तृतीयेला तो लहानूबुवांना घेऊन घरी आला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. लहानूबुवा विषय काढणार, इतक्यात बाबांनी डावा हात वर केला आणि मधुसूदनच्या खांद्याकडे बोट दाखवलं. दुपट्टा. त्यांना दुपट्टा हवा होता. वर्षभरात त्यांनी सौदा केला नव्हता.

मधुसूदननं बाबांच्या चांगल्या हातावर दुपट्टा टाकला. बाबा जड जिभेनं म्हणाले, "लय... ऊन... हाय."

"हो बाबूजी," तो म्हणाला. "लयच हाय."

बराच वेळ दुपट्टा हलत होता. बाबांनी काहीतरी धरलं, त्यानं मान हलवली. बाबांनी पुन्हा काहीतरी धरलं. या वेळी तो हलला नाही, आणि मग त्यानं दुसरा हातही दुपट्ट्याखाली घातला. बाबांच्या तोंडाची जी बाजू हलत होती ती हसली. सौदा झाला होता, आणि माझा झाला होता, आणि मला भाव माहीत नव्हता.

बाबांना मी पुष्कळदा विचारलं. त्यांनी सांगितलं नाही, आणि तीन वर्षांनी ते गेले. आता जगात ते एकाच माणसाला ठाऊक आहे. दर अक्षय्य तृतीयेला मी त्याला विचारते, बाबांनी काय मागितलं होतं? तो खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकतो आणि म्हणतो, हात घालून पाहा. मी घालते. तो माझा अंगठा धरतो, आणि मी विचारायचं सोडून देते.